हप्ता श्रावणातही येतो: कोकणातल्या विधवा, प्रशिक्षण आणि छोटं कर्ज

व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘निराधार विधवांचे अर्थार्जन’. शब्द जरा जड आहेत, म्हणून आपण एका शिलाई मशीनपासून सुरुवात करू.

विधवा बाईला मदत करायची म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना आधी शिलाई मशीन आठवतं. आम्हालाही तेच आठवलं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी मिळून रत्नागिरी आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या बारा जणींसाठी शिवणकामाचा तीन महिन्यांचा वर्ग चालवला. वर्ग संपल्यावर प्रत्येकीला मशीनसाठी एका पतसंस्थेतून कर्ज काढून दिलं, जामीन आम्हीच राहिलो. निरोप समारंभ झाला, फोटो निघाले, नारळ वाढवले.

दीड वर्षाने आम्ही घरोघरी फिरलो. बारापैकी तीन मशीनं चालू होती. एका मशीनवर चादर घालून त्यावर टीव्ही ठेवला होता. एक मशीन माहेरी भावजयीकडे गेलं होतं. कारण विचारलं तर उत्तर सरळ होतं: वाडीत घरं पस्तीस, ब्लाउज शिवणारी आधीच एक, आणि बाकीच्या बायका रत्नागिरीला बाजारात गेल्या की तयार कपडे आणतात. तीन महिन्यांच्या वर्गात शिकलेल्या हाताकडे लग्नाचा ब्लाउज कोण टाकणार?

पण यात एक गोष्ट अशी होती की आम्ही गप्प झालो. कर्जाचे हप्ते जवळजवळ सगळे फेडलेले होते! पतसंस्थेच्या वहीत आमचा कार्यक्रम यशस्वी होता. मशीन बंद, धंदा नाही, आणि वसुली पूर्ण. मग पैसे आले कुठून? एकीने पाडी विकली. एकीने मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडल्या, ‘आता तशा त्या कुठे घालायच्यात’ असं म्हणून. एकीने मुलाची दहावीनंतरची फी लांबवली, म्हणजे मुलगा वर्षभर घरी. जामीन राहिलेल्या लोकांसमोर आपली मान खाली जाऊ नये, म्हणून या बायकांनी पोटाला चिमटा घेऊन आमची अब्रू राखली होती. आजचं बोलणं त्या चादर घातलेल्या मशीनांबद्दल आहे.

आपला जिल्हा आधी नीट समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेरच्या माणसाला हा आकडा छान वाटतो. आपल्याला माहिती आहे की पुरुष मुंबईला आहेत म्हणून तो तसा दिसतो. गिरणीच्या काळापासून हा मनीऑर्डरचा जिल्हा. घर, गुरं, चार गुंठ्यांची भातखाचरं, म्हातारे सासू-सासरे, हे सगळं बाईनेच सांभाळायचं आणि रोख पैसा मुंबईहून यायचा. म्हणजे आपल्याकडची बाई नवरा असतानाही कामाला एकटीच असते. नवरा गेला की तिच्या कामात फारसा फरक पडत नाही, फक्त रोख पैसा बंद होतो. ‘तिला स्वावलंबी करू’ असं बाहेरून येऊन सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. स्वावलंबी ती आहेच. तिच्या हातात पैसे नाहीत, आणि गावाबाहेरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायची वाट नाही.

या प्रश्नावर आपल्याच मातीतून काम उभं राहिलंय, त्याकडे थोडं मागे वळून पाहू. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, देवरुखच्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नामुळे मुरुड गावाने अण्णांना वाळीत टाकलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते पुढचं. अण्णांनी सुरुवातीला पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली होती. तीन-चार वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की एकेका लग्नाने एकेक बाई सुटते, बाकीच्या तिथेच राहतात. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तिथे विधवेला मिळालं काय? राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि वेळ. वर्षानुवर्षांचा वेळ. अक्षरओळखीपासून सुरुवात करून शिक्षिका होण्याइतकं शिकायचं, तर तीन महिन्यांत होत नाही. शिकत असताना घरची चूल कोण पेटवणार, या प्रश्नाचं उत्तर त्या आश्रमाने आधी दिलं आणि मग पुस्तक हातात दिलं.

स्वतः बाया लग्नानंतर नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. आपल्या हातात आपली कमाई असावी हा त्यांचा आग्रह. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, याही देवरुखच्या, याही विधवा. त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकायचं म्हणून अमेरिकेला जाऊन तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. मुंबईत आणि पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं. पुढे १९५४ मध्ये याच देवरुखात इंदिराबाई हळबे, आपल्या मावशी, यांनी छोट्याशा प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभं केलं. एका लहान गावाशी इतकी नावं जोडलेली असावीत, याचं आम्हाला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळच्या आश्रमांत आलेल्या बहुतेक विधवा वरच्या जातींतल्या होत्या, कारण केशवपनापासून कोंडून ठेवण्यापर्यंतचा जाच तिथेच सगळ्यात कडक होता. कुणबी, भंडारी, गाबीत, खारवी अशा कष्टकरी समाजांत पाट लावण्याची रीत होती, आणि बाईला घराबाहेर पडून काम करावंच लागे. तिची अडचण कोंडण्याची नव्हती, मजुरीची होती. शिक्षिका होऊन सुटणं हा मार्ग तिच्यापर्यंत फार उशिरा आला. आज आमच्याकडे ज्या बायका येतात त्यातल्या बहुतेक याच घरांतल्या. म्हणून हिंगण्याकडून शिकायचं ते ‘आधी वेळ, मग विद्या’ एवढंच. तिथला अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

मग कर्जाचा धागा कुठून आला? तोही आपल्याच माणसांशी जोडलेला आहे. गिरणगावात कोकणातून गेलेले हजारो चाकरमानी बिऱ्हाड न करता राहायचे. ते जेवायचे खानावळीत, आणि खानावळ म्हणजे एका खोलीत पाच-दहा माणसांचं जेवण करणारी बाई. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा गेलेला, कुणाचा असून नसल्यासारखा. वाणसामान उधारीवर, त्यावर सावकारी व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सुरुवातीला चौदा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण नाही, दागिना नाही. कर्ज फिटलं, आणखी बायका आल्या, काम वाढत गेलं.

इथे जरा थांबू, कारण आमची चूक इथेच आहे. अन्नपूर्णेच्या बाईला कर्ज मिळालं तेव्हा तिचा धंदा आधीपासून चालू होता. हातात कला होती, दारात गिऱ्हाईक होतं, दर महिन्याला पैसे येत होते. तिला फक्त महाग पैशाच्या जागी स्वस्त पैसा हवा होता. आमच्या बारा जणींकडे यातलं काहीच नव्हतं. आम्ही अन्नपूर्णेचं कर्ज उचललं आणि ते हिंगण्याच्या पहिल्या दिवशीच्या बाईच्या हातात ठेवलं.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळे देतात, तेही याच दृष्टीने पाहा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पण पुढे हजारो जणी त्यात आल्या त्या कर्ज काढून आल्या नाहीत. मळलेलं पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, पापड परत आणून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. माल खपेल की नाही याची काळजी संस्थेने आपल्या डोक्यावर घेतली. ज्या बाईकडे उद्याचा रुपया नाही तिच्या डोक्यावर धंद्याची जोखीम ठेवायची नाही, हा त्यातला शहाणपणा.

आता जगात काय दिसलं ते थोडक्यात. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावापासून छोट्या कर्जाचा प्रयोग सुरू केला, २००६ मध्ये त्यांना आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं. आपल्याकडे नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. पुढे खाजगी कंपन्या आल्या, आणि २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या तगाद्याने आत्महत्या झाल्यावर तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या कर्जाचा मोठा अभ्यास केला. त्यात ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा तो वाढला. पण सरासरी घराच्या खर्चात, म्हणजे खाण्यापिण्यात आणि राहणीत, म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही.

म्हणजे कर्ज वाईट, असं नव्हे. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईपर्यंत ते तसंच पोचत नाही. हे ओळखलं बांगलादेशातल्याच ‘ब्रॅक’ने. २००२ पासून त्यांनी अतिगरिबांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला, त्यात एकट्या आणि विधवा बायका बऱ्याच. आपल्या देशात बंधन संस्थेने तो मुर्शिदाबाद जिल्ह्यात केला. त्यात पहिल्यांदा कर्ज नाहीच. आधी काही महिने घरखर्चाला थोडे पैसे. एखादी गाय, दोन-चार शेळ्या किंवा दुकानाचा माल, हे कायमचं दिलेलं, परतफेड नाही. ते सांभाळायचं शिक्षण. बचतीची सवय. आणि साधारण दोन वर्षं दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारी एक व्यक्ती. सहा देशांतल्या अशा कार्यक्रमांचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी घरांची मिळकत आणि खाणं आधीपेक्षा बरं होतं. होंडुरासमध्ये मात्र गडबड झाली, दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. कोंबड्या पाळलेल्या कुठल्याही मालवणी किंवा संगमेश्वरी बाईने त्यांना हे आधीच सांगितलं असतं, पण असो.

हे ऐकून कुणी म्हणेल, एवढा पैसा कुठून आणायचा? प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडेही तो नाही. म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात करायला शिकलो. नवीन पैसा उभा करण्याआधी, तिचा जो हक्काचा पैसा कुठे अडकलाय तो सोडवायचा. आणि हा भाग इतका उपयोगी ठरलाय की यावर जरा सावकाश बोलतो.

बाई आमच्याकडे आली की आम्ही आधी नवऱ्याचं पासबुक मागतो. तेरावं होऊन सहा महिने झालेले असतात, पासबुक ट्रंकेत असतं. त्यात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेली नोंद दिसते का ते पाहा, जुनी असेल तर ३३०. ती नोंद म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये. २० रुपयांची किंवा आधीची १२ रुपयांची नोंद असेल तर तो अपघाती विमा. बँकेत खातं उघडताना कुणीतरी अर्जावर खूण केलेली असते आणि घरात कुणालाच ते माहीत नसतं. नोंद दिसली की त्याच दिवशी बँकेत जायचं, दावा लांबवायचा नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. तो अर्ज तहसील कार्यालयात. मुंबईत नोकरी असेल तर भविष्यनिर्वाह निधी.

नंतर सातबारा. इथे कोकणाचं दुखणं वेगळं आहे. घाटावर एकेकाच्या नावावर एकरांत जमीन असते, आपल्याकडे बावीस गुंठ्यांवर सतरा नावं. चार जण मुंबईत, दोन मयत, एकाचा पत्ता नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने नवऱ्याच्या हिश्शात वाटा आहे, पण वारस नोंद केली नाही तर सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचंच नाव राहतं. मग तिला शेतीची कुठलीच योजना लागू होत नाही, कारण कागदावर ती शेतकरी नसते. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायला वाटणी व्हावी लागत नाही, हे आम्ही शंभर वेळा सांगतो. दिराला वाटतं हिस्सा मागायला आली. तिला फक्त नाव लावायचं असतं.

आणि नवऱ्याचं कर्ज. वसुलीला माणूस दारात आला की बाई घाबरून आपले दागिने काढते. वारसदाराला जेवढी मालमत्ता वारशाने मिळाली, त्याच मर्यादेत मयताच्या कर्जाची जबाबदारी येते. स्वतः जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी कागद पाहायचा, मग रुपया द्यायचा.

एवढं झालं की बहुतेक घरांत सहा महिने ते वर्षभराची चूल चालते. आश्रमाने जो वेळ दिला होता, तो आता असा गोळा करावा लागतो. या वेळात तिने शिकायचं. काय शिकायचं हे आम्ही ठरवत नाही. तिला विचारतो, गेल्या वर्षभरात तुझ्या हातचं कुणी पैसे देऊन घेतलं का? कुणी म्हणते कुळथाची पिठी, कुणी म्हणते मी दरवर्षी शेजारणींची आमसुलं घालून देते. एक म्हणाली, काही नाही हो, मला नुसतं माणसांचं करता येतं. सासू आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं हिनेच केलं. ती आज रुग्णसेविकेचं शिक्षण घेऊन रत्नागिरी शहरात घरी जाऊन वृद्धांची काळजी घेते. आमच्या यादीत हे कामच नव्हतं.

प्रशिक्षणाच्या सोयी सरकारी आहेत, त्या वापराव्यात. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेने ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवायची असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावची, १९८२ ची. शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे फळप्रक्रियेचं ज्ञान आहे. अडचण एकच, निवासी वर्गाला लहान मूल असलेली विधवा येऊ शकत नाही, आणि नवरा गेल्यावर पहिल्या वर्षात सासरचे तिला पाठवतच नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. कुंकू-बांगड्यांवर त्याची चर्चा झाली. आमच्या दृष्टीने त्याचा पैशाशी थेट संबंध आहे. जी बाई सकाळी कुणाच्या समोर येऊ नये असं गाव मानतं, ती सकाळच्या बाजारात पाटी घेऊन कशी बसणार? बचत गटाची बैठक हळदीकुंकवाला जोडून ठेवली तर ती येणारच नाही. आम्ही आमच्या गटांच्या बैठका हळदीकुंकवाच्या दिवशी ठेवायच्या बंद केल्या. खर्च शून्य.

आता कर्ज. शेवटी कर्ज लागतंच. आणि इथे कोकणाचं पंचांग समोर ठेवायला हवं.

मीरकरवाड्याला पहाटे लिलावात मासळी घेऊन दुपारपर्यंत विकणाऱ्या बाईचं भांडवल रोज फिरतं. तिला आठवड्याचा हप्ता सोसतो. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि लगेच श्रावण, अर्धं गाव मासे खात नाही. सुकी मासळी आधी भरून ठेवली असेल तरच तिच्याकडे विकायला काही असतं. आमसुलाचं गणित आणखी वेगळं. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, सालं रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात वाळवायची, वळवाचा पाऊस आला की घाण झाली. आंबापोळी, फणसपोळी, सगळं त्याच सहा आठवड्यांत. पैसा मात्र येतो गणपतीला चाकरमानी आले की, नंतर दिवाळीला, मग शिमग्याला. काजूत तर भांडवल वर्षभर अडकतं: बी स्वस्त मिळते ती मोसमात, आणि चार किलो बीतून गर निघतो साधारण एक किलो. जून-जुलैत लावणीची मजुरी मिळते, ती संपली की गणपतीपर्यंत घरात रोख नसते.

आणि हप्ता श्रावणातही येतो. हप्त्याला पाऊस माहीत नसतो. एप्रिलमध्ये घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता मेमध्ये, जेव्हा तिचा माल अजून ओला आहे. ती तो कुठून भरते? दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढून. सापळा इथे सुरू होतो. शेतकऱ्याला पीककर्ज देताना हंगाम मोजतात, कापणीनंतर फेड धरतात. आमसूल हेही पीकच आहे, पण ते बाईच्या हातचं, त्याला हंगाम कुणी धरत नाही.

बँकेच्या यंत्रणेत हे बदलणं अवघड. गटाच्या अंतर्गत कर्जात मात्र सहज होतं, कारण नियम बायकाच करतात. आमच्या एका गटाने ठरवलं: जून ते ऑगस्ट फक्त व्याज, मुद्दल गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे अशा चार वेळी. म्हणून पहिलं कर्ज नेहमी गटातलं, दोन-तीन हजारांचं. तो माल खपला, हिशेब वहीत उतरला, की मग गटामार्फत बँकेचं. उमेद अभियानातल्या गटाला तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी मिळतं, तारण लागत नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, तीही करून घ्यावी. मुंबईचं दुकान तो क्रमांक विचारतं.

व्याजाचा एक हिशेब सगळ्यांनी लिहून घ्या. २० हजार कर्ज, १२ टक्के, वर्षाची मुदत. कंपनीचा माणूस म्हणतो, व्याज २,४०० रुपये, हप्ता १,८६७. ऐकायला ठीक. पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे निम्मंच मुद्दल उरलंय आणि व्याज अजून पूर्ण २० हजारांवर चाललंय. शिल्लक रकमेवर १२ टक्के धरले तर वर्षाचं व्याज साधारण १,३२४ रुपयेच होतं. म्हणजे तो ‘बारा टक्के’ सांगतोय ते खरे साडेएकवीसच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा छोट्या कर्जाचा तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. मराठीतला कागद मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

एक गाठ अजून आम्हाला सुटलेली नाही, ती तुमच्यापुढे ठेवतो. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ पासून महिना १,५०० झालं. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. म्हणजे आमसुलात महिन्याला दोन हजार सुटायला लागले की कागदावर ती अनुदानाच्या बाहेर. आमसुलं एका वर्षी पावसाने गेली तर? अनुदान लगेच परत सुरू होत नाही, पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा समितीची बैठक. म्हणून बायका धंदा लहान ठेवतात. गटाच्या वहीत विक्री कमी लिहितात, आणि मग त्याच वहीच्या आधारावर बँक त्यांना कर्ज कमी देते. खोटं लिहा असं आम्ही सांगत नाही, आणि खरं लिही असं सांगताना आमची जीभ अडखळते. गेल्या वर्षी एकीने आम्हाला तोंडावर विचारलं, “भाऊ, पंधराशे गेले तर पावसाळ्यात तुम्ही देणार काय?” अट वाढवावी म्हणून अर्ज-विनंत्या चालू आहेत, त्यावर सह्या हव्या असतील त्यांनी नंतर थांबावं.

प्रश्नांना आता वीस मिनिटं आहेत. मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पासबुक सापडत नाही, आता काही होईल का? ताई, पासबुक नसलं तरी खात्याचा उतारा बँकेतून मिळतो, वारस म्हणून अर्ज करायचा, बरोबर मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार. विम्याच्या दाव्याला उशीर झालाय, पण उतारा निघाल्याशिवाय काही बोलता येणार नाही. सोमवारी बँक उघडायच्या वेळी आमच्यातलं कुणीतरी तुमच्याबरोबर येईल.